जुजूचा मणी

माझ्या मुलाने, दिगंबरने, वयाच्या पन्नाशीला तोक्यो शहरात स्वतःचं घर घेतलं आणि वास्तुशांतीला मला नारायणगावहून बोलावून घेतलं, ते साल २०४१. घर म्हणजे नवव्या मजल्यावरच्या तीन खोल्या. होम पेटवला तर धुराची घंटा वाजून अख्खी इमारत रिकामी झाली असती, म्हणून पुण्याच्या गुरुजींनी पडद्यावरूनच, विजेच्या दिव्यासमोर, मंत्र म्हटले. पाटावर दिगू एकटाच बसला. सुनेने ओसाकाला दुसरा संसार मांडून बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी जुई, वय वीस, ताटं मांडून झाली तेव्हा आली.

गुडघ्यापर्यंत मोजे, पिवळा झालरींचा झगा, गालावर चमकी. तिने मला वाकून नमस्कार केला, अगदी रीतसर. "कशी आहेस, आज्जी?" म्हणाली. बँकेतली पोरगी विचारते तसं. तिच्या दोन्ही कानांमागून एक पारदर्शक पट्टी मानेवर उतरली होती आणि गळ्याच्या खळगीत ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी होता, विझलेल्या निखाऱ्याच्या रंगाचा.

"हे काय गं गळ्यात?"

"कामाचं आहे. मी गाते, नाचते."

"म्हणजे माझाच धंदा चालवलास की!" मला बरं वाटलं होतं. मी ऐन उमेदीची सगळी वर्षं तमाशाच्या फडात काढली. अक्षरं शिकले ती चाळिशी उलटल्यावर, घुंगरू सुटल्यावर.

"आई, तसलं नाही ते," दिगू पुटपुटला.

"तसलं म्हणजे कसलं रं? तुझी इंजिनियरिंगची फी कशातून भरली? तसल्यातनंच ना?"

मी बघितलं, तो पोरीच्या तोंडाकडे बघतच नव्हता. मण्याकडे बघत होता.

तेवढ्यात जुईचा फोन वाजला. तिने पडद्यावर नजर टाकली आणि तिचा चेहराच बदलला. गावाहून आई परत आल्यावर लेकराचा होतो तसा. मणी पिवळा पेटला.

"कोण गं?"

"होसोकावा-सान. त्यांनी आज स्वतः मासा भाजला. फोटो पाठवलाय."

"कोण हे होसोकावा?"

"बस चालवायचे. आता निवृत्त आहेत," ती हसून म्हणाली. दिगूने आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्यानेच जेवला.

पुढच्या रविवारी दुपारी जुईने मला आपला कार्यक्रम दाखवायला नेलं. कोएंजी भागात एका केस कापायच्या दुकानाखाली तळघर होतं. टीव्हीवर दिसतात त्या मोठ्या गायिका वेगळ्या. या तळघरातल्या आयडॉल. चार-पाच पोरींचा गट, वाजप आधी भरून ठेवलेलं, त्यावर गायचं-नाचायचं, आणि समोर हात लांब केला तर लागतील इतक्या अंतरावर पुरुष. जुईच्या गटाचं नाव उरानिवा, म्हणजे परसदार. प्रत्येक पोरीला एक रंग नेमून दिलेला असतो. जुईचा पिवळा, आणि तिथलं तिचं नाव जुजू. तिला मानणारे पुरुष पिवळ्या प्रकाशाच्या कांड्या घेऊन येतात आणि गाण्याच्या मधल्या रिकाम्या जागी पाठ केलेल्या आरोळ्या सगळे एका तालात ठोकतात.

ओल्या टॉवेलचा वास होता तिथे. बंद जागेत उड्या मारणाऱ्या माणसांचा घाम, त्यावर हात धुवायच्या औषधाचा गोड वास. बहुतेकांचे केस पिकलेले. पोरीचा आवाज कच्चा होता, पाय मात्र जागेवर पडत होते. ते माझ्याकडून आले असतील असं वाटून मला दोन घटका बरं वाटलं. त्या तळघरात मला बरं वाटलेलं तेवढंच.

नाचगाणं संपलं आणि खरा धंदा सुरू झाला. कोपऱ्यात पडदा होता, पडद्यापुढे रांग. पूर्वी म्हणे चेकी घ्यायचे. चेकी म्हणजे तिथल्या तिथे निघणारा फोटो. पोरीशेजारी उभं राहायचं, दोन शब्द बोलायचं, फोटो घेऊन घरी जायचं. आता चेकीला कोणी विचारत नाही. आता 'गाठ' घेतात. दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. गिऱ्हाइकाने पोरीचे दोन्ही हात धरायचे आणि एक गाणं होईल इतका वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. मणी हळूहळू पेटत जातो. पेटला की समोरचा म्हातारा रडायला लागतो. मग एक आडदांड तरुण येऊन त्याला खांद्याला धरून उठवतो. त्या तरुणाला तिथे 'सोलणारा' म्हणतात, कारण माणसं चिकटून बसतात, सहज सुटत नाहीत. पोरगी ओल्या कागदाने हात पुसते. पुढचा बसतो.

मी परत येताना नूडल्सच्या दुकानात तिला विचारलं, "चांगलं सोंग करतेस गं. डोळ्यात पाणी कसं आणतेस?"

"सोंग नाही, आज्जी. सोंग केलं तर मणी पेटत नाही."

मग तिने मला समजावून सांगितलं. मला कळलं ते असं. मेंदूच्या बुडाशी पेशींचे छोटे पुंजके आहेत. आई पहिल्यांदा बाळाचं तोंड बघते तेव्हा ते जागे होतात आणि त्या तोंडावर शिक्का मारतात : हे माझं. काही बायांचा हा शिक्का बाळंतपणात बसतच नाही. पोटचं पोर परकं वाटतं, आणि बाई आतून खंगते. त्यांच्यासाठी एका इस्पितळातल्या लोकांनी ही पट्टी काढली. कानाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज पट्टी कानामागच्या अनेक ठिकाणांहून कवटीत सोडते, आणि भिंगाने ऊन एका जागी आणावं तसा तो सगळा नेमका त्या पुंजक्यांवर गोळा होतो. ते जागे होतात. त्या वेळी जे तोंड समोर असेल त्यावर शिक्का बसतो. सुई नाही, औषध नाही, म्हणून औषधांचा कायदा तिला लागत नाही. पुंजके जागे आहेत की नाहीत, हे मण्यावर दिसतं. त्या आयांसाठी फार पुण्याचं काम होतं ते. आईला एकदाच बसावं लागायचं, कारण पुढे पोर रोज कुशीत असायचं. तळघरवाल्यांनी ते भाड्याने आणलं. इथे भेट आठवड्याची, म्हणून गाठ सैल पडायची आणि गिऱ्हाईक पुन्हा यायचं.

"मग आत्ता मी तुझ्यासमोर बसलेय. का नाही पेटत?"

तिने दुकानाच्या काचेत स्वतःचा गळा बघितला. "सॉरी, आज्जी."

"बापासाठी पेटतो?"

"नाही." तिने वाटीतला रस्सा ओढला. "सगळ्या मुलींचं असंच होतं. ती गाठ फार तेज असते. उन्हातून घरात आलं की समोरचं भांडंसुद्धा दिसत नाही ना, तसं घरच्यांचं होतं. ते असतात तिथेच. दिसत नाहीत."

"आणि तो बस ड्रायव्हर?"

"त्यांचं नुसतं नाव घेतलं तरी पेटतो. बघ." आणि ती म्हणाली, "होसोकावा-सान." मणी पेटला, आणि ती त्या उजेडात कौतुकाने माझ्याकडे बघत राहिली, जणू नवीन बांगडी दाखवत होती.

मी वाटी बाजूला सारली. फडात मी काय बघितलं नाही? नोट नाचवत बोलवणारे बघितले, राहुटीच्या कनातीला भोक पाडून डोळा लावणारे बघितले. त्यांच्याकडे बघून हसायचं. ते हसू कपाळाच्या टिकलीसारखं असायचं. काम झालं की काढून आरशाला चिकटवून ठेवायचं आणि आपण आपल्या अंथरुणात जायचं. अंथरुणात कोणी गिऱ्हाईक नसायचं. इथे गिऱ्हाइकाने आरसाही नेला होता, कपाळही.

मी परत जायचं तिकीट रद्द केलं आणि राहिले.

पहिल्यांदा गेले ती कुरोसेकडे. हा गटाचा मालक. चाळिशीचा, सडपातळ, स्वच्छ नखांचा. तळघराच्या वरच त्याची कचेरी. टेबलावर ठेवलेलं दुभाष्या यंत्र त्याचं जपानी माझ्यासाठी मराठीत करत होतं, पण ते मराठी जुन्या काळच्या रेडिओवरच्या बातम्यांसारखं होतं.

"आदरणीय आजीबाई, आपल्या आगमनाने आम्ही कृतार्थ झालो आहोत."

"कृतार्थ नंतर व्हा. माझ्या नातीच्या गळ्यातलं काढा."

"कुमारी जुजू यांच्यावर कोणतेही बंधन नाही. त्या आजही सोडून जाऊ शकतात. परंतु त्यांना जायचे नाही. त्यांचे या रसिकांवर प्रेम आहे."

"ते तुम्ही कोंबलंय."

त्याने मान तिरकी केली, विचार केला. वाईट माणसासारखा तो बोलतच नव्हता. "पूर्वी या मुली खोट्या हसत असत. घरी जाऊन रसिकांची टिंगल करत असत. एकाकी माणसे त्या खोट्यावर आयुष्य उधळत असत. आम्ही या व्यवसायातील असत्य नष्ट केले आहे. आपल्याला असत्य हवे होते काय?"

"व्हय, हवं होतं!" मी म्हटलं. "ते खोटं हसू एवढंच बाईचं स्वतःचं असायचं. बाकी सगळं गिऱ्हाइकाचंच की!"

यंत्र काहीतरी बोललं. कुरोसेने नम्रपणे मान लववली.

"तुम्हाला पोरगी आहे का?" मी विचारलं.

"आहे."

"तिला घाला की मग ही पट्टी."

त्याचा चेहरा उजळला. "ती आमच्याच दुसऱ्या गटात आहे. तिचा रंग जांभळा." आणि त्याने भिंतीवरचा फोटो दाखवला. सोळा-सतरा वर्षांची पोर, गळ्यात पेटलेला मणी. तो खरोखर अभिमानाने दाखवत होता. मी पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठले.

जिन्यात होसोकावा भेटला. मी जुईच्या फोनमधल्या फोटोवरून ओळखला. टक्कल, इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. त्यानेही मला ओळखलं, भिंतीला चिकटून वाट दिली, आणि फोनमधल्या दुभाष्याला धरून म्हणाला, "जुजूच्या आजी. तिने तुमच्याबद्दल सांगितलं आहे."

"काय सांगितलं?"

"की तुम्ही फार छान नाचायचा."

"तुम्हाला लेकरं आहेत?"

"एक मुलगी. सेन्दाई शहरात. फोन करत नाही."

"तुम्ही करता?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"लाज वाटत नाही का हो? नातीच्या वयाची पोर ती."

"वाटते," तो म्हणाला. "म्हणूनच मी नेहमी रांगेच्या शेवटी उभा राहतो."

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मी शिव्या दिल्या असत्या. पण तो तिथे पिशवी छातीशी धरून उभा राहिला, आणि मला त्याच्या त्या स्वच्छ शर्टाचीसुद्धा शिसारी आली.

थंडी पडली. घरात तीन माणसं तीन खोल्यांत राहत होती. जुई कामात कुठे कमी पडत नव्हती. माझ्या गोळ्या वेळेवर द्यायची, अंघोळीनंतर गुडघ्यांना तेल लावायची. हात चांगले होते तिचे. पण मान वर केली की डोळ्यांत काही नसायचं. दिगू तिच्यासमोर बसून जेवायचा आणि मधेच काहीतरी विनोद करायचा. मग मण्याकडे बघायचा. मग पाणी प्यायचा.

जानेवारीत एक दिवस तो कामावरून आला, जुईने दार उघडलं, आणि मी बैठकीतून बघितलं : मणी पिवळाधमक पेटला. "बाबा! किती थंड झालेत हात," म्हणत तिने त्याची बॅग घेतली, त्याचे हात आपल्या हातात घेऊन चोळले. नंतर त्याच्यासाठी अंडी केली, समोर बसून खाऊ घातली. तो खाली मान घालून खात होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

रक्त शेवटी जागं झालं, असं मला वाटलं. यंत्राची मस्ती माणसापुढे किती दिवस चालणार? मी तिळाच्या वड्या केल्या. नारायणगावला धाकट्या बहिणीला, चंद्रभागाला, फोन केला.

"पोरगी बापाला लागली गं."

"आणि तुला?" चंद्रभागा म्हणाली. ती लहानपणापासून अशीच, नेमकं दुखतं तिथे बोट घालणारी.

"मला पण लागेल. आज त्याला, उद्या मला."

मी खरोखर वाट बघायला लागले. सकाळी ती माझ्या खोलीत यायची तेव्हा मी आधी तिच्या गळ्याकडे बघायची. दिगू बघायचा तसंच. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती नाचायचे बूट घरी विसरून गेली. मी म्हटलं, नेऊन द्यावेत. वाट मला आता पाठ होती. मी पोचेपर्यंत नाच संपला होता. तिने दुसऱ्या पोरीचे बूट घालून वेळ निभावली होती म्हणे. मी बुटांची पिशवी घेऊन खांबापाशी उभी राहिले. पडद्यापुढे रांग होती, पिवळ्या कांड्या. रांगेत होसोकावाच्या पुढे एक माणूस तोंडाला मुखपट्टी लावून उभा होता. त्याने अंगात राखाडी स्वेटर घातला होता. तो स्वेटर मी विणला होता.

त्याची पाळी आली. पडदा अर्धा सरकलेला होता, मला सगळं दिसलं. दिगू खुर्चीत बसला. मुखपट्टी काढली. जुईने त्याचे हात धरले. मणी पेटायला लागला.

"बाबा, चेहरा किती उतरलाय," ती मराठीत म्हणाली. त्या तळघरात मराठी कोणाला कळणार? "जेवलात का?"

दिगू रडायला लागला. तोंड उघडं टाकून, आवाज न करता. बाकीचे म्हातारे रडायचे अगदी तसाच. गाणं संपलं. सोलणारा आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वेळ झाली. दिगूने खुर्चीची कड धरली. त्या पोराने सवयीने, राग न करता, दिगूची बोटं एकेक करून सोडवली, संत्र्याची साल काढावी तशी. माझा पन्नास वर्षांचा मुलगा उठला आणि चालत जाऊन रांगेच्या शेवटी पुन्हा उभा राहिला.

आणि जुईने ओला कागद घेतला आणि हात पुसले. बापाचा घाम पुसला, कागद टोपलीत टाकला, आणि होसोकावाकडे बघून हसली.

मी दिगूला दंडाला धरून जिन्यावरून वर रस्त्यावर आणलं.

"आई, ओरडू नको. लोक बघतात."

"बघू देत! आयुष्यभर लोक बघतच आलेत मला. तू काय करतोयस हे?"

"बाकीचे बसतात ना?" तो म्हणाला. "जगातला कोणीही माणूस तिकीट काढून तिच्यासमोर बसू शकतो. मग मीच का नको? मी तिचा बाप आहे."

"बाप आहेस म्हणूनच नको, मुडद्या!"

"लहान होती तेव्हा खिडकीत बसायची माझी वाट बघत. मी यायचो तेव्हा झोपलेली असायची. आता वाट मी बघतो. मला तिने एकदा बघावं असं वाटलं, आई. तिने नुसतं बघावं."

"तिला ठाऊक आहे, हे तू पैसे टाकून घेतोयस?"

"तिनेच सुचवलं," तो म्हणाला. "तिकीट असलं की ती कोणालाच नाही म्हणू शकत नाही, तो तिथला नियम आहे. पण मला तर तिनेच ये म्हटलं."

मला ओकारी झाली. त्या चकचकीत रस्त्याच्या कडेला, केस कापायच्या दुकानासमोर, मी खाली बसले आणि सकाळचं सगळं बाहेर आलं. होसोकावा जिन्यातून धावत वर आला, घडी घातलेला रुमाल आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली नाही. मला त्याची आली तेवढीच माझ्या पोराची किळस आली होती, आणि सकाळी उठून पोरीच्या गळ्याकडे बघणाऱ्या माझी स्वतःचीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जुई तेलाची वाटी घेऊन माझ्या खोलीत आली. गुडघा चोळता चोळता म्हणाली, "आज्जी, तू पण बस ना."

मी तिच्या गळ्याकडे बघितलं.

"मी कुरोसे-सानना विचारलंय. रांगेत नको. सकाळी बसू, कोणी नसताना. तिकीटसुद्धा नको म्हणाले."

"कशाला?"

"मला तुझ्याबद्दल वाटायला हवंय म्हणून." तिचा हात थांबला. "मला सगळं आठवतं. लहान असताना तू फोनवर दिसलीस की मी पडद्याला गाल लावायचे. तू तिकडून हाताने ताल धरायचीस, मी इकडे नाचायचे. आठवतं, पण ते दुसऱ्या कोणाचं वाचल्यासारखं आठवतं. मला ते माझं परत हवंय. एकदाच बस. एक गाणं होईल एवढा वेळ."

तिचे डोळे भरले होते. मणी विझलेला होता. ती माझ्यासाठी रडत नव्हती. काहीतरी हरवलं म्हणून रडत होती. पण माझ्या पुढ्यात बसून रडत होती, आणि हो म्हणायला मला एका शब्दाचं अंतर होतं. दिगूला रस्त्यावर मुडद्या म्हटलं ती मीच, आणि माझी जीभ हो म्हणायला टाळूपर्यंत आली होती.

"नको," मी म्हटलं.

"का?"

"बसले तर तू हसशील, आणि मला कळणार नाही कोण हसतंय. राहू दे. वाटत नाही तर नको वाटू."

"पण मग मी तुझं करते ते नुसतं कर्तव्य आहे, आज्जी."

"असू दे. गुडघा दुखतो त्याला तेवढं पुरतं."

"तू फार कठोर आहेस."

"आहे खरी."

तिने डोळे पुसले आणि राहिलेला गुडघा चोळला. वाटी धुऊन जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. मणी माझ्यासाठी एकदाही पेटला नाही, आणि तेल लावायचं तिने एकदाही चुकवलं नाही. गाठ सैल पडेल तसा दिगू पुन्हा पुन्हा जाऊन बसत राहिला. घरी आला की पोरगी दारात धावायची. मी भिंतीकडे तोंड करायची.

असं वर्षापेक्षा जास्त चाललं. मग एका सकाळी चहा घेता घेता दिगूने कप खाली ठेवला, छातीला हात लावला आणि खुर्चीतच कलला. दवाखान्याची गाडी लगेच आली. उपयोग झाला नाही.

जुईने जो आकांत केला तो मी लिहू शकत नाही. तिकडे प्रेत काही दिवस थंड जागेत ठेवतात, मग दहन. तेवढे दिवस ती त्या पेटीशेजारून हलली नाही. मणी अखंड जळत होता, आणि त्या पांढऱ्या खोलीत तो पिवळा उजेड भिंतीवर पडायचा. भेटायला आलेली कचेरीतली माणसं ते बघून माना खाली घालायची. किती जीव होता पोरीचा बापावर, असं म्हणत असतील.

दहनानंतर तिथे घरची माणसं लांब काड्यांनी अस्थी उचलतात. दोघांनी मिळून एकच हाड धरायचं आणि कलशात ठेवायचं, पायापासून सुरुवात करून. घरचं म्हणून मी आणि जुई. एक हाड दोनदा निसटलं.

ती एकदम थांबली. "आज्जी, हे रडू माझं आहे का गं?"

"म्हणजे?"

"मी त्यांच्यासाठी रडतेय की त्या खुर्चीमुळे? ते बसले नसते तरी मी रडले असते का?"

तुझंच रडू आहे बाळा, असं म्हणायला काय लागत होतं? सगळं आयुष्य मी लोकांना हवं ते तोंडावर म्हटलंय.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"त्यांनी बसायला नको होतं," जुई म्हणाली. "आणि मी त्यांना ये म्हणायला नको होतं. मग मला आज कळलं असतं." आणि तिने काड्या पुन्हा नीट धरल्या. आम्ही ते हाड उचललं.

तिने गट सोडला. पट्टी काढून कुरोसेला परत केली. त्याने तिला फुलं दिली आणि तिच्यासाठी निरोपाचा कार्यक्रम केला, पिवळ्या कांड्यांचा. पुढच्या वर्षी कायद्याने तळघरांतल्या पट्ट्या बंद केल्या. पण गाठ सैल पडली, पट्टी काढली, तरी बसलेले शिक्के निघत नाहीत. ज्यांनी ते बसवायला शोधलं त्यांनाही ते काढता येत नाहीत. काळाने फिके होतील, असं म्हणतात. किती काळाने, ते सांगत नाहीत. पोरींना कोणी सांगितलंच नव्हतं की रांगेतली बहुतेक माणसं साठी ओलांडलेली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं मरण यांना सख्ख्याचं म्हणून सोसावं लागेल, एकेक करून.

जुई आता माझ्याजवळ नारायणगावला असते. शाळेतल्या पोरींना नाच शिकवते, संध्याकाळी माझे गुडघे चोळते. माझ्याकडे बघते तेव्हा तिला काय वाटतं ते मी विचारत नाही. तोक्योहून फोन आला की ती न्हाणीघरात जाते, नळ सोडते, आणि आत बाप मेल्यासारखी रडते. दारावर मी थाप मारत नाही. बाहेर पाट टाकून बसते. तिची ती बाहेर येते, तोंड पुसते, आणि कोण गेलं त्याचं नाव सांगते.

माझा मुलगा दिगंबर ९ जून २०४३ रोजी सकाळी वारला. होसोकावा त्याच वर्षी २१ डिसेंबरला गेले.